सायट्रिक ॲसिड, मोठ्या अक्षरात

वाळूजच्या एका औषध कारखान्यात मी तेवीस वर्षं पावडरी तोलल्या. काही साखरेसारख्या दिसत, काही पिठासारख्या. त्यातल्या सायट्रिक ॲसिडशी माझी सगळ्यात जास्त गाठ पडली. पाण्यात टाकल्या की फसफसतात तशा गोळ्या आमच्याकडं बनत. त्यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडे असेपर्यंत एकमेकांशेजारी गुमान बसतात, पाण्याचा थेंब लागला की उसळतात. बोटाला साधी चीर असली तरी त्या पावडरीचा कण असा झोंबायचा की जेवताना घास उचलवत नसे. पोतं उघडं राहिलं तर पावसाळ्यात त्याचा दगड व्हायचा. त्याच पावडरीचं पाणी करून कारखान्यातली माणसं स्टीलच्या टाक्या आणि पाइप धूत. गोळीतही तेच, टाकी धुवायलाही तेच. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही.

नवल वाटलं होतं ते त्याच्या जन्माचं, आणि तेही फार आधी, कॉलेजात असताना. माझे वडील कन्नडच्या साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर कामाला होते. साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट, आंबूस वासाचा रस उरतो ती मळी. तो वास त्यांच्या कपड्यांतून कधी गेला नाही. आमच्याही गेला नसावा, कारण शाळेत दोघी-तिघी मला बघून नाक दाबायच्या. त्या मळीमुळं नाक दाबत होत्या की आम्ही बौद्धवाड्यातले म्हणून, हे मी तेव्हाही विचारलं नाही. पुढं शहरात बी.एस्सी.ला असताना आमच्या मॅडमनी सांगितलं, की बाजारातलं सायट्रिक ॲसिड आता लिंबं पिळून काढत नाहीत. मळीसारख्या गोड वस्तूवर एक काळी बुरशी वाढवतात आणि ती बुरशी हे आंबट तयार करते. त्या सुट्टीत घरी गेल्यावर मी वडलांना सांगितलं.

"म्हंजी माझ्या टाकीतून लिंबू निघतंय म्हण की," ते म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

वडील गेले. मी नोकरी सोडली आणि गारखेड्यातल्या दोन खोल्यांत शांत बसायचं ठरवलं. तेवढ्यात देवगाव रंगारीहून वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, बारावी शिकलेली, गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. गटात बारा जणी. पाच आमच्या वाड्यातल्या, बाकीच्या गावातल्या शेतकरी घरांतल्या. त्या हंगामात आल्याला कुणी विचारीना. कन्नड भागात आलं उदंड पिकतं, पण ज्या वर्षी बाजार बसतो त्या वर्षी ते वावरातून काढायची मजुरीही जड होते.

"वन्सं, तुमी येवढ्या शिकल्या सवरल्या," वहिनी म्हणाली. "ह्या आल्याचं कायतरी करून द्या की. नुसत्या पापड-कुरडयात आमचा गट किती दिस रेटायचा?"

मी बस धरून गेले. आलं-लिंबाचं सरबत करायचं ठरलं. पाण्यात दोन चमचे टाकले की पेला तयार, असं घट्ट सरबत. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत शेगडी मांडली. आल्याचा रस काढला की तळाशी पांढरा गाळ बसतो, तो निवळू द्यायचा आणि वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, एवढं मी शिकवलं. पण आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड म्हणताच वहिनीनं मान हलवली. "नको. चांगलं शेतातलं लिंबू घालू. पावडर कामून?"

मी म्हणलं, घाला. पहिला माल नुसत्या लिंबावर झाला. एका पातेल्यातलं सरबत आंबटढोण, दुसऱ्यातलं पाणचट. पंधरा दिवसांत काही बाटल्यांच्या तळाशी साखरेचे खडे जमले, आणि तीन बाटल्यांची झाकणं उडाली. त्यातली एक नेमकी वहिनीच्या देवळीत ठेवलेली होती. भिंतभर सरबत उडालं, मुंग्यांनी घर भरलं. त्यानंतर ती स्वतःच म्हणाली, "सांगा तुमची पावडर."

लिंबाचा दोष नाही. उन्हाळ्यातलं लिंबू वेगळं, हिवाळ्यातलं वेगळं, आणि घरच्या पेल्यासाठी त्यानं काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने टिकायची बाटली करायची तर साखर मोजून, बाटल्या उकळून आणि आंबटपणा प्रत्येक खेपेला तेवढाच धरून काम करावं लागतं. लिंबाचा रस आम्ही चवीला ठेवला आणि उरलेला आंबटपणा सायट्रिक ॲसिडनं पक्का केला. फार घातलं तर दात आंबतात, घशाला लागतं. म्हणून काट्यावर तोलून घालायची सवय बायकांना लावली. चिमटीनं घालायचं नाही, ही माझी एकच दहशत होती.

पावडर मी स्वतः शहागंजातल्या एका जुन्या दुकानातून आणायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "खानेवाला होना, या धोनेवाला?"

"फरक क्या है चाचा?"

"खट्टे तो दोनों हैच. मगर धोनेवाले में सफाई की गारंटी नै. धोने का माल मैं किसी के पेट में नै जाने देता, बाजी."

धुवायचा माल बराच स्वस्त होता. मी खायचाच घेतला, आणि घरीही तोच वापरायला लागले. घरात दोन पुडे ठेवले की कधीतरी चुकीचा हाताला लागणार, हे मला कारखान्यानं शिकवलेलं. आणि माझ्या ह्या शहाणपणातूनच पुढचं सगळं घडलं.

गारखेड्यात आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. चहाची किटली महिन्याभरात आतून पांढरी होते, जणू कुणी चुना फासलाय. एका रविवारी मी किटलीत पाणी उकळलं आणि चमचाभर सायट्रिक ॲसिड टाकलं. पापुद्रा फसफसत सुटायला लागला. माझी मुलगी शेजारी उभी राहून मोबाईलवर ते टिपत होती.

"आई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? एक चमचा टाकायचा, सगळी घाण निघते."

तिनं तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनीला आपल्या नणंदेचं कौतुक, तिनं तो गटाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं गेला ते कळलं नाही. चार दिवसांनी परत आला तेव्हा त्याची शकल बदललेली होती. आधी माझी किटली आणि माझा आवाज, "एक चमचा टाकायचा, सगळी घाण निघते." मग आमच्या सरबताच्या खोलीतल्या फळीचा फोटो, त्यावर तसाच पुडा. आणि खाली लाल अक्षरात: बाथरूम धुण्याचे केमिकल सरबतात, आपल्या मुलांना वाचवा.

त्या आठवड्यात गावाजवळच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि सरबताची ऑर्डर आमच्या गटाकडं होती. मुख्याध्यापकांचा वहिनीला फोन आला. ते बिचारे फार संकोचून बोलले. पालकांचं म्हणणं पडतंय, तूर्त राहू द्या. मागोमाग लग्नाची एक ऑर्डर गेली. गटातल्या दोघी यायच्या बंद झाल्या.

मी गेले तेव्हा समाजमंदिरात सगळ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. वहिनी माझ्याकडं बघेना.

"तुमाला कुणी सांगितलं होतं व्हिडिओत बोलायला?" ती म्हणाली.

"आणि तुला कुणी सांगितलं होतं पुढं धाडायला?"

ह्यावर ती रडायला लागली, आणि मला माझीच लाज वाटली. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. एकीनं सुचवलं, आपण नवीन लेबल छापू, "केमिकलविरहित" म्हणून. दुसरी म्हणाली, पुडा फळीवरून काढून डब्यात ठेवू, डब्यावर "मीठ" लिहू. तिसरीचं म्हणणं, सायट्रिक ॲसिड बारीक अक्षरात मागच्या बाजूला टाकू, तिथं कोण वाचतंय? नियमानं लिहिल्यासारखंही होतं आणि दिसतही नाही.

मी सगळं ऐकून घेतलं. रागानं माझे कान तापले होते, पण राग त्या बायकांचा नव्हता. त्यांनी काही चोरी केली नव्हती आणि तरी त्या चोरासारख्या लपायच्या जागा शोधत होत्या. हे मला सोसेना.

"एक डबा लपवला की उद्या दुसरा लपवावा लागंल," मी म्हणाले. "आपण उलट करू. समोरच्या बाजूला, सरबताच्या नावाखाली, मोठ्या अक्षरात लिहू. साखर, आल्याचा रस, लिंबाचा रस, सायट्रिक ॲसिड."

"ॲसिड? मोठ्या अक्षरात?" वहिनी डोळे पुसायची थांबली. "वन्सं, डोस्कं फिरलं का तुमचं? ॲसिड म्हणलं की लोकाला काय आठवतं ते म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय. म्हणून तर."

तिनं त्या दिवशी मला चहासुद्धा विचारला नाही.

व्हिडिओ कुणी कापला ते तेव्हा कळलं नाही. पण गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तो कोण फिरवत होतं ते उघड होतं. बसस्टँडजवळ खतं-औषधांचं दुकान असलेले एक जण, गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले, माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठे. त्यांची सून आमच्या गटात होती, यायच्या बंद झालेल्या दोघींपैकी एक. वहिनी नको नको म्हणत असताना मी दुपारी त्यांच्या दुकानात गेले. पिशवीत सरबताची बाटली होती.

"या ताई, बसा," ते म्हणाले. बोलणं एकदम मऊ. "चहा सांगू?"

"चहा नको भाऊ. सरबत आणलंय तुमच्यासाठी." मी बाटली काउंटरवर ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

"ताई, माझं तुमच्याशी काय वैर नाय. पण लोकाच्या जिवाचा प्रश्न हाय. केमिकल ते केमिकल."

त्यांच्या पाठीमागं छतापर्यंत फळ्या होत्या. त्यावर तणनाशकं, कीटकनाशकं, कवटीचं चित्र असलेल्या बाटल्या. मी त्यांच्या खांद्यावरून तिकडं बघितलं.

"हे काय आहे मग?"

"ते पिकाला असतंय."

"आणि पीक कोण खातं?"

बी-बियाणं घ्यायला आलेले दोघं हसले. दुकानदाराचा चेहरा बदलला. "तसं नका बोलू. हे कंपनीचं सीलबंद हाय. तुमचं काय? कुठं बनवता, कसं बनवता, कुणाचे हात लागलेले असत्यात, आमाला काय म्हाईत?"

"कुणाचे हात म्हणालात?"

त्यांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

"नाही, मी विचारते आहे. कुणाचे हात?"

"मी तसं नाय म्हणलो, ताई."

"मग कसं म्हणलात?"

त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी घेतली आणि काट्यावर टाकली. वजन तीनदा बघितलं. त्या दोघांपैकी जो तरुण होता तो मात्र माझी नजर चुकवून जमिनीकडं बघत राहिला, आणि त्यावरून मला कळलं की त्यालाही ऐकू आलं होतं.

मी बाटली तिथंच ठेवून बाहेर पडले. मला काही नवं कळलं होतं असं नाही. ह्या गावात काही घरं अशी होती, ज्यांनी आमची बाटली पहिल्यापासून घेतली नव्हती. विचारलं तर "आमच्याकडं सरबत कुणी पीत नाय" म्हणायची. आता मनातलं उघड बोलायची सोय राहिली नाही, कायदा आहे, जमाना बदललाय. त्यांना नुसता एक शब्द हवा होता, सभ्य, शिकलेला, आरोग्याची काळजी वाहणारा. आमच्या पुड्यानं तो आयता हातात दिला. हे मी कुठं सिद्ध करू शकत नाही. पण माझ्या वयाच्या बाईला काही गोष्टी ऐकताक्षणी ओळखू येतात, आणि त्या ओळखण्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

नवी लेबलं शहरात छापून घेतली. छापणारा म्हणाला, "मॅडम, सायट्रिक ॲसिडचा फाँट चुकून मोठा पडलाय." मी म्हणलं, "अजून एक नंबर वाढवा."

मग कन्नडचा आठवडी बाजार. मी वहिनीला म्हणाले, चार पेट्या घे, गॅसची शेगडी घे आणि तुझ्या घरातलं पाणी तापवायचं पातेलं घे, आतून पांढरं झालेलं. घासू नको.

"काय तमाशा करायचा हाय तुमाला?"

"व्हय, तमाशाच."

ती आली. तोंड फुगवून आली, पण आली. आणि तिच्याबरोबर गटातली सगळ्यात वयस्कर सभासद आली, शेतकरी घरातली, सत्तरीच्या पुढची. तिला सगळ्या मावशी म्हणत. जीपमध्ये मावशी पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.

बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला जागा मिळाली. टेबल मांडलं. एका बाजूला शेगडीवर पातेलं, दुसऱ्या बाजूला सरबताच्या बाटल्या आणि पेले, मधोमध सायट्रिक ॲसिडचा न फोडलेला पुडा. मी आयुष्यात कधी बाजारात उभी राहून ओरडले नव्हते. कारखान्यात तर बोलायलाच बंदी होती. पहिल्यांदा आवाज निघेना. मग निघाला.

"तो केमिकलचा व्हिडिओ कुणी कुणी बघितलाय? त्यातली बाई मीच. या, समोर बघा!"

माणसं थांबली. बाजारात भांडणाचा वास आला की माणूस थांबतोच. मी सगळ्यांसमोर पुडा फोडला. उकळत्या पाण्यात चमचाभर पावडर टाकली. पातेल्याच्या तळाला बुडबुडे सुटले, कडांवरचा पांढरा थर विरायला लागला. थोड्या वेळानं मी पाणी ओतून पातेलं पुढं केलं. तळ चकचकीत.

"बघितलं? घाण निघते. व्हिडिओ खरा आहे." मग त्याच पुड्यातली पावडर काट्यावर तोलून साखर-पाण्यात घातली, आल्याचा रस घातला, ढवळलं आणि सगळा पेला प्याले. "आणि हेही खरं आहे. एकच पुडा. दोन्ही कामं करतो."

"म्हणजे बाथरूमचं केमिकल पिताय तुम्ही!" गर्दीतून एक जण म्हणाला.

मी उत्तर द्यायच्या आधी मावशी पुढं झाली. "ए बाबा, तुझी आई तांब्याचा हंडा कशानं घासती?"

"चिंचेनं."

"आन् आमटीत काय घालती?"

तो हसायला लागला. मावशी हसली नाही. "मंग आईला इचार, चिंच बाथरूमची हाय का सैपाकाची. मी साठ वरीस चिंचेनं भांडी घासली आन् साठ वरीस तीच चिंच खाल्ली. मला कुणी व्हिडिओ धाडला नाय."

इतका वेळ मागं उभी असलेली वहिनी पेले भरायला लागली.

मग प्रश्न सुरू झाले. चांगले प्रश्न. हे अजून कशात असतं? मी सांगितलं. तुमच्या मुलांच्या जॅममध्ये, टॉफीत, बाटलीबंद थंड पेयात, पुडक्यातल्या वेफर्सवरच्या आंबट मसाल्यात. डेअरीवाले दूध फाडून पनीर करतात त्यात. भांड्याच्या साबणात, केसांच्या शाम्पूत, कापड रंगवायच्या कामात. कारखान्यात स्टील गंजू नये म्हणून ते ह्यानं धुतात. एक पोलीस गाडी लावून ऐकत होता. त्याला विचारलं, "साहेब, रक्तदान केलंय कधी?"

"दरवर्षी करतो."

"मग पिशवीत रक्त यायच्या आधीच थोडं पाणी असतं, ते बघितलं असेल. त्यात हेच असतं, आणि ह्याचंच मीठ. ते नसतं तर तुमचं रक्त रुग्णापर्यंत जायच्या आधी गोठलं असतं."

त्यानं एक पेला घेतला, आणि दुसराही.

एक मध्यमवयीन माणूस, हातात मेथीची जुडी, बराच वेळ लेबल वाचत उभा होता. "बाई, एक इचारू? लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं? मोठ्या कंपन्या कुठं येवढं मोठं लिहित्यात?"

"नाही लिहीत."

"मंग तुमी कामून?"

"आम्हाला कुणी आधी विश्वास देत नाही, भाऊ. कंपनीला देतात. आम्हाला प्रत्येक बाटलीला मिळवावा लागतो. मग सगळं सांगूनच मिळवू."

त्यानं मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. बाटली मात्र घेतली.

एक कॉलेजचा विद्यार्थी मोबाईल धरून सगळं टिपत होता. वहिनी घाबरून त्याला अडवायला गेली. मी तिला थांबवलं. "काढ रे. पुरं काढ. फक्त मधून कापू नको."

चार पेट्या नेल्या होत्या, अडीच परत आणल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या दिवसाची गोष्ट सांगताना लोक ती वाढवतात, गर्दी उसळली, माल खलास झाला वगैरे. तसं काही झालं नाही. बरेच जण बघून हसून निघून गेले. एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "कितीबी सांगा, मी घेणार नाय." मी म्हणलं, "नका घेऊ. पण का घेत नाही ते घरी जाऊन स्वतःला खरं सांगा." ते मी जरा जास्तच बोलले. पण बोलले.

शाळेची ऑर्डर परत आली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही. खत दुकानदार रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, मीही करते. त्यांची सून गटात परत आली नाही. पाच-सहा महिन्यांनी ती मला कन्नडच्या बसस्टँडवर भेटली. इकडंतिकडं बघून जवळ आली.

"ताई, फळीचा फोटो मीच काढला होता," ती म्हणाली. "पण मला वाटलं खोली लई नीट मांडलीय, म्हणून काढला. घरी दाखवायला. त्याचं घरचे पुढं काय करतील हे मला ठाव नव्हतं."

"ठीक आहे," मी म्हणाले.

"तुमी रागावल्या नाय?"

"तुझ्यावर नाही."

तिची बस लागली. खिडकीतून ती माझ्याकडं बघत राहिली. मला ती अजून हवी आहे त्या खोलीत. आल्याचा रस इतका स्वच्छ निवळणारी दुसरी कुणी आम्हाला मिळाली नाही.

गट चालू राहिला. दुसरी जी सोडून गेली होती ती बाजारानंतर पंधरा दिवसांत परत आली आणि कुणी तिला काही विचारलं नाही. वैजापूर रस्त्यावरच्या दोन हॉटेलांत बाटल्या जायला लागल्या. लेबल तसंच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात गारखेड्यातल्या एका मोठ्या मिठाईच्या दुकानाच्या मालकानं आमचं सरबत चाखलं. त्याला फार आवडलं. त्यानं बोलावलं म्हणून वहिनी गावाहून आली, नवी साडी नेसून, हातात नमुन्याची पेटी. मी बरोबर गेले. रस्त्यात मी मनाशी ठरवलं होतं की आपण बोलायचं नाही. गट तिचा आहे.

मालक म्हणाला, आमच्या शहरातल्या सगळ्या दुकानांत ठेवतो. जेवढं बनवाल तेवढं. बाटली छान, चव छान, फक्त एक करा. त्यानं लेबलवर बोट ठेवलं. "हे ॲसिड काढा. गिऱ्हाईक दचकतं. 'लिंबाचा अर्क' लिहा. ऐकायला गोड वाटतं."

वहिनीनं बाटली उचलून लेबल बघितलं, जणू पहिल्यांदाच वाचत होती. सगळ्या दुकानांत म्हणजे अकरा बायकांना वर्षभराचं काम. ती हो म्हणाली असती तर मी तिला दोष देऊ शकले नसते.

"लिंबाचा अर्क नाय त्यो," ती म्हणाली. "लिंबाचा रस वेगळा लिव्हलाय, वरच्या ओळीत. हे सायट्रिक ॲसिड हाय."

"अहो ताई, सगळे असंच लिहितात."

"लिव्हू द्या त्यांना."

"विचार करा. घाई नाही."

"इचार करूनच छापलंय, साहेब."

तिनं बाटल्या एकेक करून पेटीत परत ठेवल्या. मालक दारापर्यंत सोडायला आला, पेढे देऊ लागला, तिनं हात जोडून नको म्हणलं. बाहेर ऊन रणरणत होतं. ती फुटपाथवर थांबली, पदरानं मान पुसली. मला वाटलं आता रडेल.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्या लाइनीत अजून दुकानं हायत ना? चला, दाखवा."

आम्ही चार दुकानं फिरलो. पहिल्यानं आत घेतलं नाही, दुसरा फोनवर होता तो होताच. तिसऱ्यानं लेबल वाचून तोंड वाकडं केलं. चौथ्या दुकानात एक बाई बसलेली होती. तिनं लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं, आणि वहिनीला विचारलं, "हे प्रत्येक बाटलीत तोलून घालता?"

"काट्यावर," वहिनी म्हणाली. "चिमटीनं घालू देत नायत ह्या."

बाईनं सहा बाटल्या ठेवून घेतल्या.